बेटावरची सुट्टी

कॅरिबियन बेटांवरील सहलींच्या जाहिराती पाहिल्या की वाटते, बेटावर जाऊन माणसाला नेमके काय लाभते? निळे पाणी आणि पांढरी वाळू तर खरीच. पण व्यापारी कुटुंबाला त्याहून मोलाचे लाभते ते अंतर.

वस्तुतः अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आपली उपनगरेही साष्टी बेटावरच वसलेली आहेत. परंतु पूल व लोहमार्ग यांमुळे त्या बेटपणाचा आपल्याला विसर पडला आहे. दुकान बंद झाले तरी हिशेब घरी येतोच.

गेल्या हिवाळ्यात आम्ही ठेपल्यांचे डबे घेऊन घारापुरीला गेलो. गेटवेपासून लाँचने सुमारे तासाभराचा प्रवास. लेणी सोमवारी बंद, म्हणून रविवार निवडला. या बेटावर कायमस्वरूपी वीज पोहोचली ती २०१८ साली, समुद्राखालून टाकलेल्या केबलने. हे ऐकून मुले थक्क झाली. तेव्हा आमच्या यजमानांनी दिव्याखाली अभ्यास केलेले आपले बालपण त्यांना प्रथमच सांगितले. लाँच आपल्या घाईने सुटत नाही. म्हणूनच ते बोलणे पूर्ण झाले.

ऐपत असेल त्यांनी दूरच्या बेटांवर अवश्य जावे. मात्र मुले मोठी होण्याची वाट पाहू नये. पावसाळा सरला की एक रविवार घारापुरीसाठी राखावा.