गारोन आणि गोराई

मित्रहो, पोस्ट लांबली आहे. सवडीने वाचा. पण गोराईच्या जेट्टीवर एकदा जरी पाय ठेवला असेल तर शेवटपर्यंत वाचाच.

आमच्या शाळेच्या ग्रुपमधले चौघे सपत्नीक फ्रान्सला जाऊन आले. बोर्दोच्या वाइनच्या मुलखातून नदीवरची क्रूझ, सात रात्री. मलाही विचारलं होतं. आकडा ऐकला आणि मुलीची दहावी आहे म्हणून सांगून टाकलं. (आहे, पण पुढच्या वर्षी.)

गेल्या शनिवारी बोरिवली पश्चिमेला एकाच्या घरी सगळे जमलो. मोबाइल टीव्हीला जोडला आणि फोटो सुरू झाले. गारोन नदी, दोर्दोन्य नदी, दोन्ही मिळून होणारी जिरोंद. सेंत-एमिलियों गावाच्या द्राक्षबागा, ज्यांना युनेस्कोने 1999 मध्ये जागतिक वारशात घेतलं. चुनखडीच्या तळघरांत रचलेली लाकडी पिंपं. एक बाटली तिथूनच आणली होती, ती फुटली. (महाराष्ट्रात दारू प्यायला 1949 च्या कायद्याने परवाना लागतो. आमच्यापैकी कोणाकडे होता ते विचारू नका.)

"सगळं झकास रे, पण पाणी अगदी गढूळ. आपल्या खाडीसारखं," बँकवाला मित्र म्हणाला. खरंच, फोटोत नदी चहाच्या रंगाची होती. समुद्राची भरती बोर्दो शहराच्याही वरपर्यंत चढते आणि गाळ ढवळून काढते, म्हणून तो रंग.

एवढा वेळ गप्प बसलेला आमचा गोराईकर तेव्हा पहिल्यांदा बोलला. "मग ओहोटीला बोट धक्क्याला कशी लावतात?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. सात रात्री राहिले, पण हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने फोटो मोठा करायला लावला आणि स्वतःच दाखवलं. धक्का तरंगता होता. पाणी चढलं की धक्का चढतो, उतरलं की उतरतो. काठाला जोडलेला उतार तेवढा कमीजास्त तिरका होतो. म्हातारी माणसंसुद्धा चालत बोटीत जात होती.

हा गोराईकर म्हणजे आमच्या वर्गातला ईस्ट इंडियन मुलगा. एस्सेलवर्ल्ड 1989 ला सुरू झालं, तेव्हा तिथे जायला खाडीत बोटीत बसायचं आम्हाला केवढं अप्रूप होतं! हा त्याच खाडीतून रोज शाळेत यायचा. ओहोटी असली की पायांना चिखल. मास्तर उशिराबद्दल बाहेर उभं करायचे आणि आम्ही हसायचो.

मला मात्र त्याच्या प्रश्नावरून दुसरंच आठवलं. काही वर्षांपूर्वी रात्री साडेबाराला त्याचा फोन आला होता. वडिलांच्या छातीत दुखतंय, शेवटची बोट गेलीय, तू पत्रकार आहेस, काहीतरी कर. रस्त्याने यायचं तर उत्तन-भाईंदरचा मोठा वळसा, आणि गाडी मिळेना. मी होते नव्हते तेवढे नंबर फिरवले. शेवटी गावातल्याच एकाने मासेमारीची होडी काढली. अलीकडे ओहोटी होती. काकांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी निसरड्या पायऱ्यांवरून वर आणलं. मी वर टॉर्च धरून उभा होतो. दोन दिवसांनी काका गेले. लवकर आणलं असतं तर वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. त्यानेही नाही. मी बातमी दिली, ती चार ओळींत आली.

रविवारी आम्ही सगळे त्याच्याकडे गेलो. बोटीत मोटरसायकली, भाजीच्या पिशव्या, पॅगोडाला निघालेले लोक आणि आम्ही. दोन्ही बाजूंना खारफुटी, तिच्या मुळांत अडकलेलं प्लॅस्टिक. नॅशनल पार्कात उगम पावणारी आपली दहिसर नदी याच मनोरी खाडीला मिळते, आणि वाटेत आपण तिला जे जे देतो ते सगळं घेऊन येते. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे.

त्याच्या आईने घरची जांभळाची वाइन काढली. पाहुण्यांपुरती करते. बँकवाल्याने पेला उजेडात धरून रंग पाहिला, हुंगला, तिकडे शिकवलं होतं तसा. "पी रे पोरा, बघतोस काय," म्हातारी म्हणाली.

बोर्दोला गारोनवरचा पहिला दगडी पूल 1822 मध्ये झाला, त्याआधी तिथलेही लोक होड्यांनीच नदी ओलांडत, असं मी सांगितलं. म्हटलं, आपण दोनशे वर्षं मागे आहोत.

गोराईकर म्हणाला, "पूल आला की त्याच्या मागून बिल्डर येईल. एसईझेडच्या वेळी उगाच नव्हतो रस्त्यावर उतरलो. पुलाचं काय ते सावकाश भांडू. पण तरंगता धक्का आणि रात्री पेशंटसाठी एक बोट, याला काय समुद्र भरावा लागतो?"

मला त्याचं म्हणणं पटलं. पुलाच्या आणि किनारी रस्त्याच्या बातम्या मी स्वतः किती दिल्या आहेत. पुलाची बातमी मोठी होते, नकाशा छापता येतो. धक्क्याच्या पायऱ्यांवर मी त्या चार ओळींनंतर एकही बातमी केली नाही. रात्रीच्या बोटीवर तर एक ओळही नाही. निवडणुकीत दोन्ही काठांवर मतं मागायला येणाऱ्यांना मी हे कधी विचारलं नाही, तेव्हा इतरांना बोलायचा मला फारसा अधिकार नाही. आता विचारणार आहे. तुम्हीही विचारा, आणि उत्तर मिळालं तर इथे कमेंटमध्ये टाका.

परतताना ओहोटी लागली होती. बोट खाली, पायऱ्या वर, मध्ये शेवाळ. पुढे मासळीची टोपली घेतलेली एक मावशी होती, ती सवयीने सरसर चढून गेली. बँकवाल्याची बायको पहिल्याच पायरीवर थांबली. गोराईकर आम्हाला सोडायला अलीकडे आला होता. तो आधी चढला आणि हात पुढे करून म्हणाला, "वहिनी, डाव्या बाजूने या. उजवीकडची पायरी तुटलीय, शाळेत होतो तेव्हापासून."