प्रिंटरला जामीन कोण?

बँकेत बावीस वर्षे काढली की माणसाच्या डोळ्यांना एक सवय लागते. समोरचा माणूस गोरा की सावळा, रुबाबदार की गबाळा, हे त्याला दिसेनासे होते. त्याला एकच दिसते : याला जामीन कोण? एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाशी ओळख करून दिली, तेव्हा मी हात पुढे करण्याआधी त्याच्या पाठीमागे कोण उभे आहे ते पाहिले होते. सौ.ने हे तेव्हाच टिपले आणि अजून ती ते विसरलेली नाही.

ह्या दृष्टीचा संसारात काही उपयोग होईल असे मला वाटले नव्हते. तो झाला २०२५ च्या दिवाळीनंतर, प्रिंटर घेताना.

त्याचे असे झाले. आमच्या घरचा संगणक २०१४ सालचा. तब्येत ठणठणीत. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सेवा बंद केली, आणि विंडोज ११ ने आमच्या संगणकाला दारातच अडवले. ‘टीपीएम २.० आहे का?’ ही म्हणे सुरक्षेची एक सोय असते. आमच्याकडे ती नव्हती. कागदपत्रे अपुरी म्हणून मी स्वतः आजवर शेकडो माणसे काउंटरवरून परत पाठवली आहेत; पण घरच्या माणसाला असे परत पाठवलेले पाहिले की वाईट वाटते हो!

माझा भाचा संगणकातला. तो म्हणाला, “मामा, भंगारात कशाला घालता? लिनक्स टाकू. फुकट आहे.”

“फुकट आहे म्हणजे पुढे कधीतरी मागणार,” सौ. म्हणाली. बँकवाल्याच्या बायकोला यापेक्षा वेगळे काही सुचणे शक्यच नव्हते.

हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा श्रीगणेशा केला आणि पुढे जगभरच्या लोकांनी जे वाढवले, ते हे लिनक्स. त्यातला ‘मिंट’ नावाचा प्रकार भाच्याने अर्ध्या तासात बसवला. मिंट म्हणजे पुदिना. म्हातारा संगणक पुदिन्याचा काढा घेतल्यासारखा ताजातवाना झाला.

अडचण होती ती अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. छत्तीस वर्षे मराठीचे मास्तर. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या, त्या दोनशे फुलस्केपांवर गेल्या. आता काचबिंदूमुळे स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना. तेव्हा रोज रात्री मी दोन पाने टाइप करायची आणि मोठ्या टाइपात छापून त्यांच्या हाती द्यायची, असे ठरले.

“कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणतो,” मी म्हणालो.

“नको. घरात छापता येत असेल तर बघ. नाहीतर राहू दे.”

असे का, ते त्यांनी सांगितले नाही. मी टाइप करत करत सहाव्या प्रकरणाशी पोचलो तेव्हा मला कळले. ते प्रकरण आईवर होते. आईला जाऊन चार वर्षे झाली. झेरॉक्सच्या दुकानात आपला कागद यंत्रातून बाहेर येईपर्यंत चार गिऱ्हाइके आपल्या खांद्यावरून तो वाचून मोकळी झालेली असतात. सहावे प्रकरण तिथे छापण्यासारखे नव्हते.

झाले. प्रिंटर घ्यायचाच. बजेट पंधरा हजारांच्या आत.

“मामा, दिसला प्रिंटर की घेतला असं करू नका,” भाच्याने बजावले. “आधी लिनक्ससाठी त्याचा ड्रायव्हर आहे का बघा.”

“प्रिंटरला ड्रायव्हर कशाला?” अण्णांनी विचारले. “तो कुठे जाणार आहे?”

प्रश्न मास्तरांना शोभणारा होता. उत्तर असे की, ड्रायव्हर म्हणजे संगणकाचे म्हणणे प्रिंटरला समजावून सांगणारा दुभाष्या. आणि प्रिंटरांत दोन जाती आहेत. काही प्रिंटर स्वतः शहाणे असतात. त्यांना पानाचे वर्णन सांगितले की पुढची मांडणी ते स्वतः करतात. पोस्टस्क्रिप्ट ही अडोबी कंपनीची भाषा, पीसीएल ही एचपीची. अशा भाषा ते जाणतात. ॲपलचा १९८५ सालचा लेसररायटर हा पोस्टस्क्रिप्टवाला. त्याचा प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झचा, आणि ज्या मॅकिन्टॉशच्या हुकमाखाली तो राबायचा त्याचा ८ मेगाहर्ट्झचा! साहेबापेक्षा कारकून हुशार, ही परिस्थिती आमच्या बँकेपुरतीच नाही हे वाचून मला मोठा धीर आला.

दुसरी जात स्वस्त प्रिंटरांची. ह्यांच्या डोक्यात बेताचेच असते. पानाचा ठिपका न् ठिपका संगणकाने तयार करून द्यायचा, तोही कंपनीच्या खाजगी भाषेत. ती भाषा जाणणारा दुभाष्या फक्त कंपनीकडे, आणि पुष्कळदा तो फक्त विंडोजची नोकरी करणारा. म्हणजे प्रिंटर आपल्या घरात, आपल्या पैशाचा. पण त्याला जामीन परगावचा. उद्या जामीनदाराने हात वर केले की प्रिंटर चांगला असूनही खाते बुडीत!

गंमत म्हणजे ह्या सगळ्या लिनक्स प्रकरणाच्या मुळाशी एक प्रिंटरच आहे. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन हे तिथले प्रोग्रामर. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्यांनी सोय करून ठेवली होती, की प्रिंटर अडला की ज्यांची छपाई खोळंबली आहे त्यांना निरोप जावा. नव्या प्रिंटरचा प्रोग्राम मात्र बंद पेटीत. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका गृहस्थाकडे त्याची प्रत होती. स्टॉलमन तिथे जाऊन थडकले. त्याने सांगितले, न देण्याच्या करारावर सही केली आहे. आपण असतो तर दोन शिव्या हासडून परत आलो असतो. स्टॉलमन यांच्या मनातून मात्र तो नकार गेला नाही, आणि १९८३ साली त्यांनी सर्वांना खुल्या असणाऱ्या प्रणालीचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. लिनक्सचा संसार आज मांडला आहे तो ह्याच प्रकल्पाच्या भांड्याकुंड्यांवर. एका अडकलेल्या कागदातून एवढे निघाले! आमच्या शाखेत आठवड्याला चार कागद अडकतात आणि त्यातून फक्त प्यूनची तक्रार निघते.

बरे, लिनक्समध्ये छपाईची व्यवस्था बघणाऱ्या प्रणालीचे नाव कप्स. मायकेल स्वीट यांनी ती १९९९ मध्ये बाहेर आणली. २००२ मध्ये ॲपलनेही हेच कप्स आपल्या मॅकमध्ये घेतले. पुढे आयफोनवरून छापायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला, की फोनमध्ये शेकडो प्रिंटरांचे ड्रायव्हर कोंबायचे कसे? तेव्हा २०१० मध्ये एअरप्रिंट आले. प्रिंटरने स्वतःच सांगायचे : मी अमुक, माझ्यात अमुक आकाराचा कागद, मला एका बाजूला येते की दोन्ही. संगणकाने सर्वांना ठाऊक असलेल्या भाषेत पान पाठवायचे. मधला दुभाष्याच गेला! २०१३ मध्ये याच धर्तीचे आयपीपी एव्हरीव्हेअर हे खुले मानक आले, आणि अँड्रॉइडवाल्यांसाठी मोप्रिया. पंगत मांडली ती फोनवाल्यांसाठी. लिनक्स शेजारचे म्हणून पाटावर जाऊन बसले आणि आडवा हात मारला. जाळ्यावरचा असा प्रिंटर आजचे लिनक्स आपोआप ओळखते. यूएसबीच्या वायरीवर असला तरी तीच युक्ती चालवणारी सोय आता आहे.

शिवाय अशा छपाईत पान चित्रासारखे जाते. त्यामुळे प्रिंटरला देवनागरी येते की नाही हा प्रश्नच उरत नाही. जोडाक्षर पडद्यावर नीट दिसले की कागदावर नीट उमटते.

मी माझ्या सवयीने तक्ताच केला. खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिले असेल तर जामीन नको. एचपीने लिनक्ससाठी एचपीलिप दिले आहे, पण काही मॉडेलांना वरून एक बंद जोडपत्रही लागते. तेव्हा मॉडेल पाहून घ्यावे. ब्रदर आणि एपसनही लिनक्सचे ड्रायव्हर देतात. स्कॅनर हवा असेल तर त्याची चौकशी निराळी; त्या व्यवस्थेचे नाव सेन, म्हणजे इंग्रजीत शहाणा. शाईचा प्रिंटर बरेच दिवस न वापरता ठेवला की शाई वाळून तोंडे चोंदतात. लेसरची टोनर म्हणजे भुकटी, ती वाळत नाही. अण्णांचे लिहिणे-वाचणे तब्येतीवर. म्हणजे लेसर, काळा-पांढरा. आणि शेवटची अट : पहिल्या दिवशीच ‘मोबाइलवर ॲप घ्या, खाते उघडा’ म्हणणारा प्रिंटर नको. खाती उघडायचे काम मी दिवसभर करतो.

एका रविवारी डोंबिवलीहून निघून, दादरला गाडी बदलून, भाच्याला घेऊन मी ग्रँट रोडला उतरलो. भाच्याच्या खिशात लिनक्सचा पेनड्राइव्ह; लॅपटॉपला काही न बदलता त्याच्यावरून लिनक्स चालू करता येते. सराफाने कसोटीचा दगड न्यावा तसा तो त्याने बरोबर घेतला होता. माझ्या खिशात अण्णांची प्रश्नपत्रिका. होय! मास्तरांनी प्रिंटरची परीक्षा घेण्यासाठी एक कागद काढून दिला होता.

लॅमिंग्टन रोडवरच्या पहिल्या दुकानात मी विचारले, “लिनक्सवर चालेल ना?”

“ती कंपनी बंद झाली, साहेब.”

दुसऱ्या दुकानात उत्तर आले, “चालेल की! कुठल्याही प्लगवर चालतो.”

तिसऱ्या दुकानातल्या शेठने मात्र खोके फोडून दाखवायची तयारी दाखवली. पहिला प्रिंटर स्वस्त आणि गोंडस. खोक्यावर फक्त विंडोजची नावे. वायर जोडली, लिनक्सने त्याच्याकडे लग्नातल्या अनोळखी पाहुण्यासारखे पाहिले आणि तोंड फिरवले. दुसरा दीड हजाराने महाग, दिसायला ओबडधोबड. पण खोक्यावर एअरप्रिंट. वायर जोडताच पडद्यावर त्याचे नाव आपले आपण उमटले. कुणी काही टाकले नाही, कुणाची सही घेतली नाही.

“आता पेपर टाक,” मी म्हणालो.

घर्रकन कागद बाहेर आला. अण्णांचा पहिला शब्द होता ‘उद्ध्वस्त’. मग वाङ्मय, ऱ्हस्व, शृंगार, कृष्ण, ज्ञानेश्वर. एकही पाय मोडलेला नाही, एकही वेलांटी घसरलेली नाही.

शेठने कागद उचलला, वाचला आणि कळवळून म्हणाला, “साहेब, बोहनीच्या वेळेला पहिला शब्द हाच सापडला?”

त्या शब्दाची भरपाई म्हणून मी घासाघीस केली नाही.

सहावे प्रकरण छापले त्या रात्री अण्णा जागेच होते. अठरा पॉइंटच्या टाइपातले पान हातात घेऊन ते खिडकीशी जाऊन बसले. बराच वेळ बसले. मग त्यांनी खिशातले मास्तरकीचे लाल पेन काढले. ‘स्वयंपाक बरा करीत असे’ ह्या वाक्यातला ‘बरा’ त्यांनी खोडला आणि वर ‘उत्तम’ लिहिले.

“हे पान परत छाप,” ते म्हणाले.

मी छापले. दहा मिनिटांनी ते पुन्हा आले. आता ‘उत्तम’ खोडलेला होता आणि समासात एक अख्खा परिच्छेद होता, पुरणपोळीवर. त्या रात्री ते पान एकूण पाच वेळा निघाले. सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळे बघत होती. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली,

“तुम्हीही आत्तापासून लिहायला घ्या. टोनर आहे तोवर.”