मिरजेचा तंबोरा
मिरजेतील शिकलगार घराण्यांनी शस्त्रांना धार लावण्याचा परंपरागत धंदा मागे पडल्यावर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यनिर्मिती स्वीकारली, आणि भोपळा व तुणीचे लाकूड यांपासून घडणारा त्यांचा तंबोरा हिंदुस्थानी गायकांचा आधार ठरला. या वाद्याचा प्राण जव्हारीत, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या घासून किंचित गोलाई दिलेल्या पृष्ठभागात असतो. तार आणि घोडी यांमध्ये सरकवलेल्या सुती दोऱ्याची जागा नेमकी साधली की स्वरातील उपस्वर उमलतात. घोडी झिजली की जव्हारी बिघडते, म्हणून गायक जव्हारी नीट करून घेण्यासाठी कारागिराकडे पुन्हा जातो आणि कारागीर त्याची पट्टी व आवड ओळखून कानस चालवतो. मैफलीतील दाद गायकाला मिळत असली, तरी तिच्यात या अनाम कानाचाही वाटा असतो.