आमचे कंटेनरपुराण

"माझ्याकडं तर चालतंय, मामा!"

हे वाक्य पुण्याच्या भाच्याने फोनवर इतक्यांदा ऐकवले की, शेवटी मी म्हणालो, "मग लेका, तुझा कॉम्प्युटरच यष्टीत घालून पाठवून दे."

"तेच करतोय," तो म्हणाला.

त्याने आमच्यासाठी घरखर्चाचा प्रोग्रॅम लिहिला होता. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरली आणि सौभाग्यवतीच्या 1984 पासूनच्या हिशेबाच्या वह्या भिजल्या. वाळवून त्यांचे पापड झाले. शाई पुरती उडायच्या आत ते सगळे कॉम्प्युटरात उतरवायचा माझा बेत. पण प्रोग्रॅम माझ्याकडे चालेल तर शपथ! तेव्हा भाच्याने डॉकर काढले. 2013 साली सॉलोमन हाइक्स यांनी जगापुढे आणलेली ही चीज. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारा सगळा बाडबिस्तरा एका डब्यात भरायचा; डबा कुठेही उघडा, आत तेच. बोटीवरच्या कंटेनरचीच कल्पना. चिन्हसुद्धा पाठीवर डबे घेतलेला देवमासा!

'इमेज' आणि 'कंटेनर' यांतला फरक भाचा तासभर सांगत होता. मला तो कळला खिडकीतून बाहेर बघितल्यावर. समोर कुंभार साच्यातून गणपती काढत होता. इमेज म्हणजे साचा, कंटेनर म्हणजे मूर्ती! 'डॉकर पुल' म्हटले की साचा घरी येतो. 'डॉकर रन' म्हटले की मूर्ती पाटावर. 'डॉकर पीएस' म्हणजे ताजा कलम नव्हे. कोणकोण जागे आहे त्याची हजेरी. 'डॉकर स्टॉप'ची तऱ्हा मला फार आवडली. आतल्या प्रोग्रॅमला आधी 'आवरा आता' असा निरोप जातो, आणि दहा सेकंदांत आवरले नाही तर गचांडी. आमच्याकडच्या पाहुण्यांना ही सोय नाही.

मी रोज संध्याकाळी 'रन' म्हणायचो आणि कालचे लिहिलेले गायब!

"मामा, तुम्ही रोज नवी मूर्ती काढताय. कालचीच उठवा की! डॉकर स्टार्ट म्हणा."

खरेच. पीएसपुढे उणे चिन्ह घालून ए लिहिला, तर झोपलेल्या नऊ मूर्ती दिसल्या. पुढे दोन महिने त्यातल्या एकीलाच उठवत मी 1991 पर्यंत पोचलो. मग एका रविवारी साफसफाईची हुक्की आली. पस्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे 'आरएम' म्हणजे मला रीजनल मॅनेजर. त्याच्या हातून भले व्हायचे नाही, हे मला कळायला हवे होते. 'डॉकर आरएम' म्हणत गेलो आणि आठ रिकाम्या मूर्तींबरोबर भरलेलीचेही विसर्जन झाले. साचा शाबूत होता, त्यामुळे प्रोग्रॅम लगेच पुन्हा उभा राहिला. कोरा करकरीत.

सौ. शांतपणे म्हणाली, "गणपती पोचवायच्या आधी चांदीचा मुकुट कोण काढून ठेवतं? मी. तुमच्यावर सोडला असता तर नदीत गेला असता."

"मामीला बरोबर कळलं बघा!" फोनमधून भाचा ओरडला. "त्यालाच व्हॉल्यूम म्हणतात. रन म्हणतानाच उणे व्ही लावायचं. हिशेब मूर्तीच्या बाहेर राहतो. मग खुशाल आरएम करा."

हे त्याने दोन महिन्यांपूर्वी सांगितले होते म्हणे. असेल.

वह्या मी रद्दीत घालणार होतो. तिने त्या गुपचूप माळ्यावर टाकल्या होत्या. आता पुन्हा 1984 पासून सुरुवात आहे, उणे व्ही लावून. शाई उडाली आहे तिथे ती आठवून सांगते. गुळाचा भाव, दूधवाल्याचे खाडे, सगळे काही तिला नीट आठवत नाही. 1987 च्या मार्चात मी मित्रांना चारलेल्या मिसळीचे पैसे मात्र अगदी पैशापर्यंत आठवतात.