मधाचे बोट

मराठी घरांत मधाची बाटली उघडली की तिच्यासोबत एक सूचना यायचीच: केसांना लागू देऊ नकोस, पांढरे होतील. आम्ही दोघींनी ती ऐकली, एकीने कोकणात, दुसरीने मराठवाड्यात. शब्दही जवळजवळ तेच. या सूचनेचा पुरावा कुणी मागितल्याचे आम्हांला स्मरत नाही. एखाद्याचे केस मधामुळे पांढरे झालेले आम्ही पाहिले, असेही नाही. तरीही आजतागायत बरणीतून मध काढताना आमचा डावा हात आपोआप कपाळावरची बट मागे सारतो.

आता हीच गोष्ट युरोपात कशी सांगितली गेली ते पाहावे. नेपल्सच्या ज्याम्बात्तिस्ता देल्ला पोर्ताचा 'मागिआ नातुरालिस' हा ग्रंथ प्रथम १५५८ साली निघाला आणि १५८९ साली बराच वाढवून पुन्हा छापला गेला. चुंबकापासून भिंगांपर्यंत सगळे त्यात आहे, आणि स्त्रियांच्या सौंदर्यसाधनेचा एक स्वतंत्र भागही आहे. तिथे केस सोनेरी करण्याच्या कृतींमध्ये मधाचा अर्क काढून तो स्पंजाने केसांना लावण्याची कृती येते. सोबत ताकीद अशी, की अर्क कातडीला लागू देऊ नये, डाग पडतो. म्हणजे आमच्याकडे मध पोटात जावा पण केसांना लागू नये, आणि तिकडे केसांना लागावा पण कातडीला लागू नये! लंडनमध्ये १६०२ साली छापलेल्या ह्यू प्लॅटच्या गृहिणींसाठीच्या पुस्तकातही मधाच्या अर्काने केस पिवळे करण्याची कृती आहे. त्या अर्काला उग्र दर्प येतो, तेव्हा त्यात काही सुगंधी घालावे, असे तो प्रांजळपणे सांगतो. आजच्या कृती लिहिणाऱ्यांनी एवढा प्रांजळपणा दाखवला तर बरे होईल.

व्हेनिसच्या स्त्रियांनी तर या खटाटोपाला जागाच बांधून घेतली होती. चित्रकार तिशियनच्या नात्यातल्या चेझारे वेचेल्लिओने १५९० साली देशोदेशींच्या पोशाखांचे एक पुस्तक काढले. त्यात घराच्या छपरावरील लाकडी मचाणावर भर उन्हात बसलेली एक स्त्री आहे. तिच्या डोक्यावर बिनमाथ्याची गवती टोपी आहे, नुसतीच झालर. मधल्या भोकातून केस वर काढून झालरीवर पसरलेले, म्हणजे ऊन केसांना मिळावे आणि तोंड मात्र सावलीत राहावे. हातातल्या काडीला स्पंज बांधलेला आहे; त्याने केस भिजवायचे, ते वाळले की पुन्हा भिजवायचे. आपल्याकडे अनुभवाचा अधिकार सांगायचा तर 'हे केस उन्हात पांढरे झालेले नाहीत' असे ऐकवतात. वेचेल्लिओच्या बाईला हे वाक्य समजावून सांगायला बराच वेळ लागला असता.

या सगळ्याची आम्हांला आठवण झाली ती द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीमुळे. भावाचे लग्न सहा आठवड्यांवर आले होते. "मॅडम, मधानं केस खरंच ब्राऊन होतात का? केमिकल नकोय, आई ओरडते. हे नॅचरल आहे." मोबाईलवर तिने कृती दाखवली. एक वाटी मध, चार वाट्या पाणी, थोडी दालचिनीची पूड, चमचाभर ऑलिव्हचे तेल. केसांना चोपडून तासभर बांधून ठेवायचे आणि धुऊन टाकायचे. पाच-सात वेळा असे केले की काम झाले. मराठी शिकवणाऱ्यांना हा प्रश्न का विचारावा, असे मनात आले खरे. पण मुली आम्हांला काहीही विचारतात, आणि ते आम्हांला आवडते.

तेव्हा रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याला गाठले. त्याचे सांगणे असे. मधमाशी मकरंदात आपल्या ग्रंथींतले एक विकर मिसळते, ग्लुकोज ऑक्सिडेज त्याचे नाव. पक्व मधात पाणी पाचव्या हिश्श्याहूनही कमी असते, त्यामुळे तिथे ते जवळजवळ झोपलेले असते. मधात पाणी घातले की ते जागे होते आणि ग्लुकोजवर काम करत हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. केस उजळणाऱ्या बाजारी द्रावणात असते तेच हे द्रव्य. केसांतल्या मेलॅनिन या रंगद्रव्याचे ऑक्सिडीकरण होऊन रंग फिका पडतो. म्हणजे 'नॅचरल' आणि 'केमिकल' यांतले जे अंतर विद्यार्थिनीला महत्त्वाचे वाटत होते, ते रसायनाच्या लेखी नव्हतेच. अंतर होते ते फक्त मात्रेत. जखमा धुण्याच्या पेरॉक्साइडची बाटली तीन टक्क्यांची असते, आणि पाणी घातलेल्या मधात पेरॉक्साइड त्या बाटलीच्या सुमारे हजाराव्या हिश्श्याइतके असते. केसांच्या दुकानातली द्रावणे तर सहा, नऊ, बारा टक्क्यांची. शिवाय मध तापवला की ते विकर नष्ट होते, आणि बाजारातला पुष्कळसा मध बाटलीत येण्याआधी तापवलेला असतो. फिक्या तपकिरी केसांवर अनेक दिवसांनी किंचित झाक आली तर आली. आपल्या काळ्या केसांत मेलॅनिन इतके ठासून भरलेले असते, की त्यावर या अल्प मात्रेने काय होणार? आणि दालचिनीने टाळूची आग होऊ शकते, हे वेगळेच.

आईच्या सूचनेचे काय, हेही विचारून घेतले. पिकलेला केस मुळातूनच रंगाविना उगवतो. वरून लावलेल्या मधाचा हात मुळापर्यंत पोचत नाही. गंमत अशी, की २००९ साली युरोपातल्या संशोधकांनी पिकणाऱ्या केसांच्या मुळांशी जे साठलेले पाहिले, ते हायड्रोजन पेरॉक्साइडच होते; पण ते आपल्याच शरीराने तयार केलेले, आणि वयानुसार निचरा न झालेले. सूचना चुकीची होती, पण संशयित बरोबर होता, असे म्हणावे का? आम्ही दोघीही आता या संशयिताच्या ताब्यात आहोत.

तरीही प्रयोग करून पाहिलाच. आमच्यापैकी एकीच्या वेणीचे टोक कापायचेच होते. त्याच्या दोन बटा केल्या. महाबळेश्वरकडचा न तापवलेला जांभळाचा मध मिळाला होता. एक बट सात रात्री त्याच्या पातळ द्रावणात ठेवली, दुसरी कोरडी. तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. पाचव्या दिवशी एकीला फरक दिसू लागला, दुसरीला दिसेना. मग घरातल्या मुलाला न सांगता पाच वेळा ओळखायला लावले; तो तीनदा चुकला. विद्यार्थिनीला आम्ही एवढेच सांगितले, की हे मधाचे बोट आहे, चाखायचे तर तोंडाने चाख. ती हसली, पण तिची समजूत पटली नव्हती.

प्रकरण इथेच संपायचे. पण तिने मोबाईलवर हवा तो रंग दाखवला, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "अगं, हा तर हिचाच रंग!" बोट जिच्याकडे होते ती मुलगी ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. दिवाळीनंतर फडावर जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे, असे तिचे बालपण गेले. तिच्या वेणीची टोके खरोखरच पिंगट आहेत. उन्हातली अतिनील किरणे मेलॅनिन मोडतात. व्हेनिसच्या छपरावर जे घडत होते तेच उसाच्या फडातही घडते, फक्त तिथे टोपीची झालर नसते. लहान मुलांत केसांचा काळा रंग उडून ते विरळ, तांबूस होणे हे तीव्र कुपोषणाचेही लक्षण असते. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी आजच्या घानामधल्या मुलांचे तसे केस नोंदवले आणि १९३५ साली त्या आजाराचे तिथल्या गा भाषेतले नाव, क्वाशिओर्कोर, वैद्यकात आणले. पण वस्तीवरच्या पिंगट केसांमागे प्रत्येक वेळी आजारच असेल असे नव्हे. ऊन पुरेसे असते.

ती मुलगी वर्गात काही बोलली नाही. नंतर खोलीत येऊन म्हणाली, "मॅडम, गावच्या शाळेत मास्तर मला 'भुरी' म्हणूनच हाक मारायचे. हजेरीला सुद्धा. तेल मिळत नाही का गं घरात, असं विचारायचे." त्यामुळे वसतिगृहात आल्यापासून ती केस तेलाने चोपून बसवते, ओल्या केसांचा रंग गडद दिसतो, हे तिने स्वतः शोधून काढले आहे. जो रंग लपवायला एक मुलगी तेलावर पैसे घालते, तोच मिळवायला तिच्या पुढच्या बाकावरची मुलगी मध आणते. काय बोलावे ते आम्हांला सुचले नाही. तिने तशी अपेक्षाही ठेवली नसावी.

परंपरेकडे वळावे तर तिथेही एकवाक्यता नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कपिला कन्येशी विवाह करू नये असे सांगितले आहे, आणि टीकाकार तिचा अर्थ पिंगट केसांची असा लावतात. पण पतंजलीच्या महाभाष्यात ब्राह्मणाची लक्षणे मोजताना गोरेपणासोबत कपिल केसही येतात! पुरुषाच्या डोक्यावर जे लक्षण, तेच स्त्रीच्या डोक्यावर अवलक्षण. हा एक अर्थ. काळ, प्रांत आणि ग्रंथप्रकार वेगळे म्हणून फरक पडला असावा, हा दुसरा. आमच्या दोघींत यावर एकमत नाही, आणि बहुधा होणारही नाही.

शब्दसंग्रहाच्या तासाला मग आम्ही वर्गाला केसांच्या रंगाचे शब्द जमवायला सांगितले. काळ्याच्या बाजूला काळेभोर, काळेकुळकुळीत, भुंग्यासारखे, रेशमी, सगळे स्तुतीचे. दुसऱ्या बाजूला भुरे, पिंगट, तांबूस, करडे, काथ्यासारखे, मक्याच्या कणसासारखे. 'सोनेरी' एकीने लिहिला, पण तो जाहिरातीतून आला असे तिनेच सांगितले. उसाच्या फडावरून आलेल्या मुलीने 'पाचटी' असा शब्द लिहिला होता, वाळलेल्या पाचटाचा रंग तो. तिच्या वस्तीवर बैलालाही म्हणतात, लुगड्यालाही म्हणतात. हा चांगल्या अर्थाने की वाईट, असे कुणीतरी विचारले. "रंग आहे तो," ती म्हणाली, आणि फळ्यावर तो दोन्ही रकान्यांच्या खाली लिहिला.