वाचलंस का गं?

आमच्या चर्चच्या यूथ मीटिंगमध्ये एका प्रश्नाने हमखास शांतता पसरते. ‘या आठवड्यात शास्त्रातलं काय वाचलं?’ झालं! गिटार ट्यून करणारा आणखी मन लावून ट्यून करायला लागतो, कुणाला एकदम तहान लागते आणि उरलेले आपापल्या सँडल्सकडे बघत बसतात. सगळी चांगली मुलं आहेत बरं का. रविवारची झोप मोडून उपासनेला येतात, नाताळात घरोघरी कॅरल्स गात गळा बसवून घेतात, कुणाच्या घरी आजारपण आलं तर सगळ्यात आधी धावतात. देवावर विश्वास आहे, पण त्याचं पुस्तक म्हटलं की जांभई! आणि हे मोठ्याने बोलायची सोय नाही.

म्हणून मी बोलतेय. बायबल वाचणं हे कर्तव्य आहे, हे आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं असतं. मला कर्तव्य नको होतं, ओढ हवी होती. रात्री सिरीजचा पुढचा एपिसोड लावल्याशिवाय राहवत नाही, तसं पुढचा अध्याय उघडल्याशिवाय राहवू नये, असं काहीतरी. आता तुम्ही म्हणाल, ओढ काय ठरवून लावून घेता येते? मलाही तोच प्रश्न होता. आणि तो नुसता गमतीचा प्रश्न नव्हता. जे पुस्तक माझ्या आयुष्याचा पाया आहे असं मी म्हणते, तेच उघडायचा कंटाळा येत असेल, तर माझ्यात ख्रिस्ती असं उरलं काय? आडनाव आणि नाताळच्या करंज्या?

पुस्तक मिळत नाही, अशी सबबही नाही. बायबल फोनमध्येच असतं. यूव्हर्जनचं अ‍ॅप २००८ मध्ये आलं, तेव्हापासून तर ते अक्षरशः खिशात आहे. मराठी आहे, इंग्रजी आहे, वाचून दाखवणारा आवाजही आहे. सलग किती दिवस वाचलं तेही अ‍ॅप मोजतं. पण मोजण्याचा एक प्रॉब्लेम असतो, आपण आकडा सांभाळायला लागतो. हिंजवडीच्या कॅबमध्ये, लॅपटॉपची बॅग मांडीवर, अंगठ्याने सरसर स्क्रोल... अध्याय संपला, टिक आली, छान वाटलं. काय वाचलं? ते विचारू नका.

वर्षात अख्खं बायबल, हा दर जानेवारीतला लाडका संकल्प. हिशेब सोपा आहे. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षभरात संपतं. उत्पत्ती मस्त जातं, भावाभावांची भांडणं, दुष्काळ, कटकारस्थानं, सगळा मसाला आहे. निर्गमात समुद्र दुभंगतो. आणि जानेवारी संपता संपता येतं लेवीय! बळी कसा द्यावा, चट्टा उठला तर याजकाने काय तपासावं, कुठला प्राणी खावा, कुठला नाही... भल्याभल्यांची गाडी इथे बंद पडते.

हे तक्ते आजचे नाहीत. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रॉबर्ट मरी मॅक्शेन नावाच्या पाळकाने १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वर्षभराचा तक्ता बनवला, तो आजही वापरात आहे. मला त्याच्याबद्दल आवडलेली गोष्ट वेगळीच. तक्त्याच्या आधी त्याने तक्त्याचे धोके लिहून ठेवले होते. वाचन नुसता उपचार होईल, वाचणाऱ्याला आपण फार धार्मिक झालो असं वाटायला लागेल, घाईघाईत उरकलं जाईल, काहींना ते ओझं होईल. माणूस प्रामाणिक होता. पुढच्याच वर्षी तो गेला, वय अवघं २९. आपल्या टीममधल्या कुणाही एवढं.

मग करायचं काय? तक्ता फेकून द्यायचा आणि मूड येईल तेव्हा वाचायचं? मूडची वाट बघणं म्हणजे काय, हे जिमची वर्षाची फी भरलेल्यांना मी सांगायला नको.

इथे माझ्या मदतीला आली माझी रूममेट. ती वारकऱ्यांच्या घरातली. तिचे आजोबा रोज पहाटे ज्ञानेश्वरी वाचायचे, चुकवायचे नाहीत. मी तिला म्हटलं, ‘‘त्यांना मुळातच आवड असणार गं.’’ ती चहा गाळत म्हणाली, ‘‘छे! आजोबा म्हणायचे, पहिली काही वर्षं मी पानंच मोजायचो.’’ एवढं बोलून ती बिस्किटं शोधायला लागली. मी मात्र बराच वेळ गप्प होते. आमच्याकडे ‘क्वाएट टाइम’ वगैरे इंग्रजी शब्द आहेत, पण ‘नेम’ हा शब्द किती आपला आहे! नेमात मूड विचारत नाहीत.

तर नेम धरला. रोज एकच अध्याय. सकाळी, चहाच्या आधी. फोन दुसऱ्या खोलीत, म्हणजे कागदाचं बायबल. आणि मराठीतून, मोठ्याने.

मराठीच का? मी इंग्लिश मीडियमची, ऑफिसात दिवसभर इंग्रजी, बायबलही इंग्रजीतूनच चाळायची सवय. इंग्रजीत माझे डोळे फार वेगाने पळतात, शब्दांना स्पर्शसुद्धा होत नाही. मराठी बायबलची भाषा जुनी, वाक्यं लांब. मोठ्याने वाचलं की जीभ अडखळते. अडखळली की थांबावं लागतं. आणि थांबलं की मग कधीतरी काहीतरी दिसतं.

मला दिसला तो एक शब्द. ‘सरवा’.

रूथच्या पुस्तकात आहे तो. छोटंसं पुस्तक, अध्याय फक्त चार. दुष्काळामुळे परदेशी गेलेली नामी नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमला परतते. सोबत विधवा सून रूथ, तीही परक्या मवाब देशातली. घरात खायला काही नाही. सातूची सुगी चालू असते, तेव्हा सून सासूला म्हणते, मी शेतात सरवा वेचायला जाते. इंग्रजीत मी ही गोष्ट किती वेळा वाचली असेल, पण तिथला शब्द माझ्यासाठी नुसता बायबलमधला एक शब्द होता. ‘सरवा’ हाही मला नीट ठाऊक नव्हता, म्हणून रात्री मम्मीला फोनवर विचारलं. मम्मी हसायलाच लागली. ‘‘अगं, काढणी झाल्यावर रानात जी कणसं पडून राहतात ना, ती वेचायची. आजी लहानपणी जायची की! त्यांचं कुठलं शेत? दुसऱ्याच्या रानात बाजरीची काढणी झाली की पोरं पाटी घेऊन जायची. कुणी वेचू द्यायचं, कुणी हाकलायचं.’’

नगर जिल्ह्यातली माझी आजी. जाड भिंगाचा चष्मा लावून, शब्दावर बोट ठेवून वाचणारी. दिवेलागणीच्या कौटुंबिक प्रार्थनेत तिची पाळी आली की ती बऱ्याचदा रूथच काढायची. आम्ही नातवंडं एकमेकांना कोपरं मारायचो, आली परत रूथ! तिला ते पुस्तक का आवडायचं, हे मला ती गेल्यावर नऊ वर्षांनी कळलं. बवाज आपल्या गड्यांना सांगतो की, हिला हाकलू नका, उलट पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम खाली टाका. हे वाचताना आजीच्या डोळ्यांसमोर काय येत असेल?

आणि गंमत पुढेच आहे. बवाज नुसता दयाळू नव्हता, तो कायदा पाळत होता. तो कायदा कुठे आहे? लेवीयात! १९ वा अध्याय. शेताचा काठ पूर्ण कापू नका, पडलेलं वेचून घेऊ नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. ज्या पुस्तकापाशी आमचे सगळे संकल्प मोडतात, त्याच पुस्तकात माझ्या आजीच्या पाटीतल्या बाजरीची सोय केलेली होती. त्या सकाळी ऑफिसला उशीर झाला. मी चहा न घेता लेवीय वाचत बसले होते. लेवीय, राव!

तेव्हापासून मला वाटायला लागलं की ओढ पुस्तकाच्या बाहेर शोधून मिळत नाही. आधी ओढ आणि मग वाचन, हा क्रम आपण उगाच लावून बसतो. आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. कवी नारायण वामन टिळकांना १८९० च्या दशकात नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. टिळकांना त्या पुस्तकात काडीचा रस नव्हता. पण वाचीन म्हणून शब्द दिला होता, म्हणून वाचायला घेतलं. मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे अडकले, पुस्तक सोडवेना. १८९५ मध्ये त्यांचा मुंबईला बाप्तिस्मा झाला. सुरुवात कशाने झाली? दिलेल्या शब्दाने. डोंगरावरचं प्रवचन पाचव्या अध्यायात आहे. पहिल्याच अध्यायातली वंशावळ बघून टिळकांनी पुस्तक मिटलं असतं तर?

दुसऱ्या पंडिता रमाबाई. संस्कृतात पंडिता ही पदवी मिळवलेली बाई, पण मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा आपल्या मुक्तीमधल्या साध्या बायकांना कळत नाही, म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत अख्ख्या बायबलचं भाषांतर स्वतः केलं. किती वर्षं त्या कामात गेली! खिळे जुळवणं, छपाई, सगळं केडगावला, मुक्तीतल्याच बायकामुलींच्या हातांनी. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, संपूर्ण बायबल बाहेर पडलं ते १९२४ मध्ये. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी केडगाववरूनच जाते. मी त्या लायनीने कितीदा गेलेय, पण स्टेशनची पाटी हल्ली निराळी दिसते. मला समजावं म्हणून कुणीतरी आयुष्याची शेवटची वर्षं घातली, ही गोष्ट चहाच्या आधी आठवली तर झोप उडायला मदत होते.

एकटीने वाचण्याखेरीज आणखी एक गोष्ट उपयोगी पडली. वाकडला एका मैत्रिणीच्या फ्लॅटवर आम्ही पाच जणांनी एका शुक्रवारी रात्री मार्कचं शुभवर्तमान एका बैठकीत वाचून काढलं. मोठ्याने, आळीपाळीने, सोळाच्या सोळा अध्याय. चर्चा नाही, प्रश्नोत्तरं नाहीत, मध्ये फक्त पावभाजी. साधारण दोन तास लागले, सिनेमाएवढेच! आणि काय वेग आहे त्या पुस्तकाला. येशू इथून तिथे, लगेच, लागलेच, पुन्हा नावेत, पुन्हा गर्दी. रविवारी दहा-दहा वचनांचे तुकडे ऐकून हे कधी कळलंच नव्हतं. गेथशेमानेच्या बागेत शिष्य तीनदा झोपतात, तो भाग आमच्यातल्या एका आयटीवाल्याच्या वाट्याला आला. नाइट शिफ्ट करून आलेला, डोळे तारवटलेले. वाचता वाचता त्याचा आवाज खाली गेला. कुणी काही बोललं नाही.

आता तुम्हाला वाटेल, हिचं रोजच असं काहीतरी भारी होत असेल. मुळीच नाही. आठवड्यातले निदान चार दिवस मी वाचते, पुस्तक मिटते आणि आधण ठेवते. काही होत नाही. काही भाग खटकतात. यहोशवातल्या लढाया वाचताना पोटात कालवतं आणि त्यावर कुणी गुळगुळीत उत्तर दिलं की जास्तच कालवतं. ते प्रश्न मी उघडेच ठेवलेत. प्रश्न पडायलाही वाचावं लागतं ना!

कोरड्या दिवसांत मी ११९ व्या स्तोत्राकडे जाते. बायबलमधला सगळ्यात लांब अध्याय, १७६ वचनं. हिब्रू वर्णमालेची २२ अक्षरं आणि प्रत्येक अक्षराने सुरू होणारी आठ-आठ वचनं, असा चिकाटीचा मामला. जवळजवळ प्रत्येक वचन देवाच्या शब्दाबद्दल. लिहिणारा आकंठ प्रेमात आहे. लहानपणी शब्बाथशाळेत यातले तुकडे पाठ करून मी बक्षिसाचा कंपासबॉक्सही मिळवलाय. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली नव्हती. हा एवढा प्रेमात पडलेला माणूस मधूनमधून देवाकडे काय मागतो? माझे डोळे उघड म्हणतो. माझं मन तुझ्या वचनांकडे वळव म्हणतो. म्हणजे याचंही मन आपोआप वळत नव्हतं! ओढ ही मागायची गोष्ट आहे आणि मागताना लाजायचं कारण नाही, हे मला या स्तोत्राने दिलं. माझी सकाळची प्रार्थना हल्ली अगदी छोटी असते. ‘प्रभू, इच्छा नाहीये. दे.’ मग पान उघडते.

सध्या गणना चालू आहे. नावाप्रमाणेच नुसते आकडे. २६ व्या अध्यायात दुसरी शिरगणती, कुळामागून कुळं, बेरीज ६,०१,७३०. एक्सेल शीट मोठ्याने वाचल्यासारखं वाटत होतं, तेवढ्यात मध्येच पाच मुलींची नावं आली. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. पुरुषांच्या यादीत या कशाला? पुढचा अध्याय उघडला, तर या पाच बहिणी मोशेसमोर, याजकासमोर, सगळ्या सरदारांसमोर उभ्या! आमचा बाप मुलगा नसताना मेला, म्हणून त्याचं नाव का पुसायचं? आम्हाला जमीन द्या. आणि देव मोशेला सांगतो, पोरींचं बरोबर आहे.

रात्री मम्मीचा फोन आला. तिचा ठरलेला प्रश्न, ‘‘वाचलंस का गं?’’ मी तिला त्या पाच जणींची गोष्ट सांगत सुटले, जशी काही तिला ठाऊकच नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘हो, पण ३६ व्या अध्यायात त्यांची परत एक गोची होते बघ. काय होतं माहितीये, त्यांचे ते काके—’’

‘‘मम्मी, थांब! सांगू नकोस.’’