एसटीचं भाडं हाही प्रशिक्षणाचाच खर्च

पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर आयटीआय झालेला मुलगा घरी सापडणं कठीण. तो मुंबईला असतो, शिमग्याला आणि गणपतीला गावी येतो. महाडमधल्या एका छोट्या संस्थेतर्फे मी महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतल्या तरुणांना सौरऊर्जेच्या कामाचं प्रशिक्षण देते आणि त्यासाठी लागणारा निधीही मीच उभा करते.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि रायगड जिल्ह्यात विजेचे खांब आडवे झाले. ते उभे करायला बाहेरच्या जिल्ह्यांतून पथकं आणावी लागली. पुढच्याच वर्षी, 22 जुलै 2021 ला, सावित्री आणि गांधारी नद्यांचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली आणि पोलादपुरात केवनाळे, सुतारवाडीतही माणसं गेली. वीज नाही, मोबाइल बंद, रस्ता तुटलेला. वायर, बॅटरी आणि पॅनेल यांतलं काम कळणारी दोनचार माणसं प्रत्येक गावात हवीत, असं तेव्हापासून मला ठामपणे वाटतं.

असं शिकवण्याची सोय देशात आहे. केंद्राचा सूर्यमित्र कार्यक्रम 2015 पासून चालतो. तो 600 तासांचा आणि निवासी आहे. पण घरची भातशेती, म्हातारे आईवडील आणि गुरं सोडून तीन महिने बाहेर राहणं आमच्याकडच्या मुलांना, आणि मुलींना तर फारच, जमत नाही. म्हणून वर्ग महाडलाच घ्यायचा आणि पैसा कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीतून, म्हणजे सीएसआरमधून, मागायचा, असं आम्ही ठरवलं. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. कंपनीचं काम जिथे चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही त्याच कलमात म्हटलं आहे. महाडला एमआयडीसी आहे, त्यामुळे दार ठोठावायला लांब जावं लागलं नाही.

प्रस्तावासोबत 12ए, 80जी, सीएसआर-1 नोंदणी, तीन वर्षांचे ऑडिट अहवाल असं सगळं जोडलं. एका कंपनीच्या बैठकीत अंदाजपत्रक वाचता वाचता तिथले साहेब दोन ओळींवर थांबले. एक ओळ एसटी भाडं आणि रोजच्या भत्त्याची, दुसरी कोर्स संपल्यानंतरच्या सहा महिन्यांच्या पाठपुराव्याची. ‘‘ताई, हा प्रशिक्षणाचा खर्च नाही. हे काढा,’’ ते म्हणाले. पॅनेल, इन्व्हर्टर, प्रशिक्षकाचं मानधन, प्रमाणपत्राचा कार्यक्रम, फलक, सगळं मंजूर झालं. या दोन ओळी गेल्या.

त्याचा परिणाम वर्गात दिसला. वाडीवरून सकाळची गाडी चुकली की मुलाचा दिवस गेला. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे मुलींचा प्रवास स्वस्त झाला, पण बुडालेली मजुरी कोण देणार? एका मुलीची आई मला म्हणाली, ‘‘ती शिकते ते चांगलंच हाय ताई, पन तिचा रोज बुडतो त्याचं काय?’’ या प्रश्नाचं उत्तर आमच्या अंदाजपत्रकात होतं, ते खोडलं गेलं होतं. पुढे गावातल्या आणि मुंबईच्या चाकरमान्यांच्या वर्गणीतून आम्ही भाडं आणि भत्ता दिला, तेव्हा वर्ग टिकला.

तीच मुलगी कामात सगळ्यांत पुढे गेली. छपरावर काम सुरू करण्याआधी ती पॅनेलवर घोंगडी टाकायची. ऊन आहे तोवर पॅनेल वीज तयार करतच राहतं, ते बंद करायला बटण नसतं, हे तिला पहिल्याच आठवड्यात पक्कं कळलं होतं. मग घोंगडी काढून मल्टिमीटर लावायचा. 12 व्होल्टच्या पॅनेलवर 21 च्या आसपास आकडा दिसला की ती वहीत टिपून ठेवायची. कमी दिसला तर आधी जोड तपासायचे. पुस्तकातली चित्रं सपाट स्लॅबची होती. आमच्याकडे कौलं आणि उतरते पत्रे. पत्र्याला भोक कुठे पाडायचं आणि पावसाळ्यात तिथून गळू नये म्हणून काय करायचं, हे तिने पत्रे बसवणाऱ्या गावच्या मिस्त्रीकडून शिकून घेतलं आणि मग बाकीच्यांना दाखवलं.

निधीचं वेळापत्रकही शेतीशी जुळायला हवं. मंजुरी जूनमध्ये आली तर ती हाती घेऊन करायचं काय? जुलैत लावणी, छपरं ओली, ऑक्टोबरात कापणी. इथे हा वर्ग चालतो तो नोव्हेंबर ते एप्रिल. सरकारी कौशल्य योजनांसाठी 2015 साली आलेल्या सामायिक नियमांतही पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात आणि शेवटचा हप्ता मुलांना काम लागण्यावर अवलंबून असतो. विचार बरोबर आहे. पण काम लागेपर्यंतचा खर्च संस्थेने कुठून करायचा? हत्यारांची पेटी, आयटीआय झालेल्याला तारतंत्रीचा परवाना काढायला मदत, पहिल्या काही कामांवर सोबत जाणारा अनुभवी माणूस, हे सगळं प्रमाणपत्र मिळाल्यानंतरचं आहे.

आता काम वाढतं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटच्या यंत्रणेला 78,000 रुपये अनुदान मिळतं. नोंदणीकृत विक्रेत्यांना बसवणारे हात लागणार आणि बसवलेलं पुढे अनेक वर्षं सांभाळावंही लागणार. ते हात पोलादपूरचे असले तर मुंबईची गाडी पकडण्याची गरज थोडी तरी कमी होईल.

सीएसआर समितीत बसणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सीएसआरच्या नियमांतली 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारखर्चाला आहे. मुलांचं भाडं, भत्ता आणि पाठपुरावा हा प्रत्यक्ष प्रकल्पाचा खर्च आहे, तो त्या मर्यादेत येत नाही. फलकाची ओळ खोडली तरी चालेल, या दोन ओळी खोडू नका. आणि किती प्रमाणपत्रं वाटली हे विचारण्याआधी, वर्षभराने किती जण हे काम करताहेत, ते आम्हाला विचारा.